हुंडीपासून यूपीआयपर्यंत : देणारा, घेणारा आणि मधला



रात्र रात्र कीर्तन ऐकलेली पिढी अजून आपल्यात आहे, म्हणून आरंभ एका आख्यानाने करतो. महिपतीने ‘भक्तविजया’त नरसी मेहत्याची हुंडी सांगितली आहे. द्वारकेला निघालेल्या यात्रेकरूंना वाटेत चोरांचे भय होते. जवळची रोकड जुनागडात कोणा सावकाराकडे भरावी आणि द्वारकेत तेवढीच उचलावी, असा त्यांचा बेत. गावातल्या टवाळांनी त्यांना नरसी मेहत्याचे दार दाखवले. नरसीकडे ना पेढी, ना द्वारकेत आडत्या. त्याने शामळशा शेटजीच्या नावावर हुंडी लिहून दिली. द्वारकेत त्या नावाचा सावकारच नव्हता; शेवटी भगवंतानेच शेटजीचा वेश घेतला आणि ती पटवली.

या कथेत चमत्कार नेमका कशाचा, हे ज्याला हुंडी ठाऊक नाही त्याला कळणार नाही. कागद लिहिणे सोपे होते. दुसऱ्या गावी तो कागद पाहून कोणीतरी गाठीचे पैसे मोजून देणे, हा चमत्कार. म्हणजे कीर्तनाला बसलेल्या बायाबापड्यांनाही हुंडीचा व्यवहार इतका परिचित होता, की कथेचे मर्म समजावून सांगण्याची हरदासाला गरज पडत नसे.

आज बिरसातल्या किराणा दुकानात आपण फोनने चौकोनी ठिपक्यांचा छाप टिपतो, आकडा घालतो, चार-सहा अंकी पिन देतो, आणि गल्ल्याशेजारचा डबा हिंदीत बोलून रक्कम मिळाल्याचे सांगतो. हा चमत्कार आपण दिवसातून दहा वेळा करतो. पण कीर्तनातल्या श्रोत्याला हुंडी जितकी समजत होती, तितका हा व्यवहार आपल्याला समजतो का? पैसे नेमके कोणी दिले, कोणी घेतले, मध्ये कोण होता, आणि काही बिघडले तर नुकसान कोणाचे? आजच्या व्याख्यानाचा विषय हा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, दूरच्या देवघेवीचा सगळा इतिहास हा देणारा आणि घेणारा यांच्यामधल्या तिसऱ्या माणसाचा इतिहास आहे. त्या तिसऱ्याने कोणती जोखीम उचलली आणि कोणती आपल्यावर ठेवली, हे ज्याला कळले त्याला व्यवहार कळला.

पेढीचा काळ

आपला हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातला. त्या काळाचाच एक आकडा घेऊ. १७५१ साली अलीवर्दीखानाशी झालेल्या तहात बंगालची चौथाई म्हणून वर्षाला बारा लाख रुपये ठरले. त्या वेळचा रुपया सुमारे साडेअकरा ग्रॅम चांदीचा. बारा लाख रुपये म्हणजे जवळजवळ चौदा टन चांदी. ती बैलांवर लादायची म्हटली तर शंभरावर बैल, त्यांचे राखणदार, नद्यांचे उतार, घाटांतली अरण्ये आणि वाटेवरचे लुटारू. शिवाय मुक्कामाला पोचल्यावर शिक्क्याचा प्रश्न उरतोच. प्रांतोप्रांतीचे रुपये वेगळे, त्यांचा कस वेगळा. एका टाकसाळीचा रुपया दुसऱ्या बाजारात बट्टा घेतल्याशिवाय चालत नसे.

या दोन्ही अडचणींवरचा उपाय म्हणजे हुंडी. नागपूरच्या पेढीवर रोकड भरावी, हुंडणावळ द्यावी, आणि काशीच्या किंवा पुण्याच्या पेढीच्या नावाने लिहिलेला कागद घेऊन निघावे. तिकडच्या पेढीने तो सकारला की पैसे हाती. या सगळ्यात नागपूरचा रुपया नागपुरातच राहतो आणि पुण्याचा पुण्यात. प्रवास होतो तो निरोपाचा. पुण्याकडूनही नागपुरावर हुंड्या येतच असतात. दोन्ही पेढ्या एकमेकींच्या खात्यावर जमाखर्च लिहून ठेवतात, काही काळाने वजाबाकी करतात आणि उरलेला फरक तेवढा चुकता करतात. हा एक मुद्दा लक्षात ठेवावा. पुढे यूपीआयपाशी तो पुन्हा भेटणार आहे.

निरोपच पैसा असल्यामुळे तो बनावट निघू नये याची काळजी कागदातच घेतलेली असे. हुंडीत रक्कम आकड्यात असे, अक्षरात असे, आणि शिवाय तिची निमपट लिहून ‘त्याची दुप्पट पुरी’ असेही लिहीत. शंभराची हुंडी असेल तर निमे पन्नास, त्याची दुप्पट शंभर. कोणी एक शून्य वाढवले तर निमपटीशी हिशेब जुळत नसे. हुंडी हरवली तर लिहिणारा ‘पेठ’ लिहून देई, पेठही हरवली तर ‘परपेठ’. पैसे दिल्यावर हुंडी रद्द करून ठेवीत, तिला ‘खोखा’ म्हणत. तो खोखा हीच पावती.

पण हुंडीचे खरे शहाणपण तिच्या प्रकारांत आहे. त्यांपैकी तीन आपल्या विषयाला लागतात.

पहिली दर्शनी हुंडी. दाखवताक्षणी पैसे. माल आला की नाही, चांगला की वाईट, याच्याशी तिचा संबंध नाही.

दुसरी शाहाजोग. हिचे पैसे कोणालाही मिळत नसत. बाजारात ज्याला मान आहे अशा शहाच्या, म्हणजे प्रतिष्ठित व्यापाऱ्याच्या हातूनच ती पटे. हुंडी चोरीची निघाली तर घेतलेले पैसे परत करण्याची जबाबदारी त्या शहाची. अनोळखी माणसाला पैसे द्यायचे ते ओळखीच्या माणसाच्या हमीवर, असा याचा अर्थ.

तिसरी जोखमी हुंडी. माल पाठवणारा ती माल घेणाऱ्यावर लिही आणि बाजारात विकून आपले पैसे आधीच मोकळे करून घेई. मात्र माल सुखरूप पोचला तरच घेणाऱ्याने पैसे द्यायचे. वाटेत गलबत बुडाले तर ज्याने हुंडी विकत घेतली त्याचे पैसे बुडाले. म्हणूनच तो ती कमी किमतीत घेई. तो बट्टा म्हणजे जोखमीची किंमत.

दर्शनी आणि जोखमी या दोन शब्दांत आजच्या ऑनलाइन व्यवहाराचीही अर्धी किल्ली आहे. तिकडे येईनच.

पेढ्यांचे हे जाळे किती पक्के होते, याची सर्वांना ठाऊक असलेली साक्ष पानिपताची आहे. जानेवारी १७६१ मध्ये भेलशाजवळ असलेल्या नानासाहेब पेशव्यांना त्या अनर्थाची बातमी मिळाली ती सावकारी जासुदाजवळच्या पत्रातून, मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या सांकेतिक भाषेत. राज्यापेक्षा सावकाराचा निरोप आधी पोचला. ज्यांचे पैसे निरोपावर चालतात त्यांना निरोप वेळेवर पोचवावाच लागतो.

टपालाचा काळ

१८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ साली मध्यप्रांत बनला आणि १८६७ साली बालाघाट जिल्हा निर्माण झाला. नव्या सरकारने हुंडी मोडली नाही. १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवजांच्या कायद्याने चेक आणि वचनचिठ्ठी नियमांत बसवली, पण देशी भाषेतल्या दस्तऐवजांचे स्थानिक रिवाज पहिल्याच कलमात अबाधित ठेवले.

मात्र पेढीची एक मर्यादा होती. ती पतवाल्यांसाठी होती. मुंबईच्या गिरणीत लागलेल्या रत्नागिरीच्या माणसाला घरी पाच रुपये पाठवायचे, तर त्याच्यासाठी कोण हुंडी लिहिणार? आणि गावात ती पटवणार कोण? ही जागा टपालखात्याने भरली. १ जानेवारी १८८० पासून मनीऑर्डरचे काम टपालखात्याकडे आले, आणि पोस्टमन हा गरिबाचा सावकार झाला. फॉर्म भरा, रक्कम आणि कमिशन द्या, पावती घ्या. तिकडे पोस्टमन घरी जाऊन नोटा मोजून देई, सही घेई. लिहिता न येणाऱ्याचा अंगठा घेताना साक्षीदार लागे. फॉर्मच्या तळाच्या कुपनावर दोन ओळी लिहिता येत. ‘प्रकृतीस जपावे’ हे त्या दोन ओळींत मावत असे. शेवटी मिळाल्याची सही पाठवणाऱ्याकडे परत येई.

बालाघाटला रेल्वे आली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, गोंदियाहून जबलपूरकडे जाणारी अरुंद मापाची. तिच्याबरोबर टपालाचा थैलाही नेमाने येऊ लागला. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्यप्रदेशात राहिला. आपल्या घरांचे सोयरेधायरे नागपूर-गोंदियाला आणि आपण इकडे. राज्याची सीमा मध्ये आली, पण मनीऑर्डरला सीमा नव्हती. नागपूरला शिकणाऱ्या मुलाची खाणावळ, बहिणीची भाऊबीज, मासिकाची वर्गणी, सगळे त्याच फॉर्मवर. १९८२ मध्ये शेजारी मलाजखंडला तांब्याची खाण उभी राहिली आणि दूरदूरच्या प्रांतांतले कामगार तेथे आले. त्यांच्या घरच्या चुलीही मनीऑर्डरवर पेटत.

ही सेवा स्वस्त नव्हती. अखेरच्या काळात दर वीस रुपयांना एक रुपया, म्हणजे शेकडा पाच, असे कमिशन होते. तरी लोक ते देत, कारण त्या पाच रुपयांत पैसे पोचवण्याचा आणि ज्याचे त्यालाच देण्याचा असा दोन्ही भार सरकारने उचललेला असे. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली आणि २०१५ मध्ये कागदी मनीऑर्डरही इतिहासजमा झाली.

टपालखात्याची दुसरी युक्ती आपल्या विषयाच्या अधिक जवळची आहे. डिसेंबर १८७७ मध्ये सुरू झालेली व्हीपी. आधीच्या सर्व सोयी पैसे पोचवण्याच्या होत्या. व्हीपीने प्रथमच सामान्य गिऱ्हाईक आणि दूरचा दुकानदार यांच्यातला जुना पेच हाती घेतला. गिऱ्हाईक म्हणतो, आधी वस्तू पाठवा. दुकानदार म्हणतो, आधी पैसे पाठवा. दोघेही खरे, आणि दोघांची ओळख नाही. टपालखात्याने सांगितले की पार्सल आमच्याकडे द्या. गिऱ्हाइकाने पैसे मोजले तरच ते त्याच्या हातात पडेल, आणि ते पैसे मनीऑर्डरने तुम्हाला पोचतील. मराठी ग्रंथव्यवहाराला या सोयीने पुष्कळ हात दिला. खेड्यातल्या वाचकाने पत्र टाकावे आणि पुणे-मुंबईची पुस्तके घरपोच यावीत, हे व्हीपीमुळे घडले.

पण तिच्यातही दोन छिद्रे होती. गिऱ्हाइकाने पार्सल नाकारले तर जाण्याचा खर्च दुकानदाराच्या माथी. ‘व्हीपी परत आली’ हे प्रकाशकांचे कायमचे दुखणे. आणि गिऱ्हाइकाला पार्सल उघडण्यापूर्वीच पैसे मोजावे लागत. आत पुस्तकाऐवजी रद्दी निघाली तर पोस्टमनचा इलाज नव्हता. त्याने खोके पोचवण्याची हमी घेतली होती, खोक्यातल्या वस्तूची नव्हे.

पडद्याआडचा मध्यस्थ

इंटरनेटवर खरेदी-विक्री सुरू झाली तेव्हा नेमका हाच पेच जगभर पुन्हा उभा राहिला. अमेरिकेत १९९८ मध्ये सुरू झालेल्या कंपनीतून पुढे पेपाल ही सेवा निघाली. अनोळखी विक्रेत्याला कार्डाचा क्रमांक देण्याऐवजी क्रमांक मध्यस्थाला द्यावा आणि विक्रेत्याला फक्त पैसे मिळावेत, ही तिची सोय. लिलावाच्या संकेतस्थळावर परक्या माणसांकडून जुन्या वस्तू घेणाऱ्यांना ती पटली, आणि २००२ मध्ये ईबेने ती कंपनीच विकत घेतली. चीनमध्ये २००४ च्या सुमारास अलीपेने पुढचे पाऊल टाकले : गिऱ्हाइकाचे पैसे मध्यस्थाने धरून ठेवायचे, वस्तू मिळाल्याचे गिऱ्हाइकाने कळवल्यावरच विक्रेत्याला सोडायचे. श्रोतेहो, माल पोचला तर पैसे, ही तर आपल्या जोखमी हुंडीचीच अट.

आपल्याकडे ऑगस्ट २००२ मध्ये रेल्वेचे तिकीट इंटरनेटवर मिळू लागले आणि पुष्कळ मध्यमवर्गीय घरांचा पहिला ऑनलाइन व्यवहार तोच ठरला. तिकिटाला एक सोय होती. विकणारी रेल्वे होती, तिच्यावर विश्वास ठेवायला कोणाची हमी नको होती. अनोळखी दुकानदाराबाबत लोक बिचकत. म्हणून २०१० मध्ये फ्लिपकार्टने वस्तू दारात आल्यावर पैसे घेण्याची पद्धत सुरू केली तेव्हा ती झपाट्याने चालली. पन्नाशी ओलांडलेल्यांना त्यात नवे काय ते कळेना. ती व्हीपीच होती, पोस्टमनचा खाकी पोशाख तेवढा गेला होता.

ऑनलाइन दुकानात आपण कार्डाने पैसे देतो तेव्हा पडद्याआड काय होते, ते पाहू. आपला क्रमांक दुकानदाराकडे न जाता पैसे गोळा करणाऱ्या मध्यस्थ कंपनीकडे जातो. ती कार्डाच्या जाळ्यामार्फत आपल्या बँकेला विचारते : हा माणूस खरा का, आणि याच्याकडे एवढे आहेत का? आपली बँक आपल्या फोनवर एकदाच चालणारा अंक पाठवून खात्री करते. ही दुसरी खात्री रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्डव्यवहाराला सक्तीची केली. बँकेचा होकार आला की दुकानदाराला ‘पैसे मिळाले’ असा निरोप जातो. पैसे मात्र त्याला त्या क्षणी मिळत नाहीत. ते मध्यस्थाकडे येतात आणि एक-दोन दिवसांनी, कमिशन वजा होऊन, त्याच्या खात्यात पडतात. मोठ्या ऑनलाइन बाजारांत तर वस्तू पोचेपर्यंत, कधी परतीची मुदत संपेपर्यंत ते थांबवलेले असतात.

या मधल्या दिवसांत ते पैसे कोणाचे? मध्यस्थ कंपनीच बुडाली तर? हा प्रश्न जुन्या पेढ्यांच्या दिवाळ्यांनी आपल्या पूर्वजांनाही छळला होता. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २००९ मध्ये प्रथम नियम केला की असे गोळा झालेले पैसे मध्यस्थाने स्वतःच्या धंद्याच्या खात्यात न मिसळता बँकेत वेगळे ठेवावेत. मार्च २०२० मध्ये तो अधिक कडक झाला. अशा कंपनीला परवाना लागतो, ठरावीक भांडवल लागते, आणि लोकांचे पैसे राखीव खात्यात ठेवावे लागतात. १ ऑक्टोबर २०२२ पासून तर दुकानदाराला किंवा मध्यस्थाला आपला कार्डक्रमांक साठवून ठेवण्याचीही मनाई झाली. त्याऐवजी त्यांच्याकडे एक खुणेचा अंक राहतो, जो चोरला तरी दुसरीकडे चालत नाही.

बिरसाच्या गल्ल्यावर

आता आपल्या किराणा दुकानाकडे परत येऊ. डिसेंबर २००८ मध्ये बँकांच्या सहभागाने मुंबईत राष्ट्रीय पेमेंट्स कॉर्पोरेशन स्थापन झाले. नोव्हेंबर २०१० मध्ये त्याने एका बँकेतून दुसऱ्या बँकेत तत्काळ पैसे पाठवण्याची सोय सुरू केली. तिच्याच पायावर ११ एप्रिल २०१६ रोजी रघुराम राजन यांच्या हस्ते यूपीआयचा प्रारंभ झाला, तेव्हा एकवीस बँका सहभागी होत्या. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला मोठ्या नोटा रद्द झाल्या. हाती रोकड नाही आणि फोनमध्ये नवी वाट आहे, अशा वेळी लोक या वाटेला लागले. ऑक्टोबर २०१९ मध्ये महिन्याचे व्यवहार शंभर कोटींवर गेले, ऑगस्ट २०२३ मध्ये हजार कोटींवर आणि ऑगस्ट २०२५ मध्ये दोन हजार कोटींवर.

दुकानातल्या त्या ठिपक्यांच्या छापात पैसे नसतात, पत्ता असतो. छाप टिपला की दुकानदाराचा पत्ता आणि नाव आपल्या फोनवर येते. आपण आकडा घालून पिन देतो. तो पिन कुलूपबंद होऊन जातो आणि फक्त आपली बँक तो तपासते. दुकानदाराला तर तो कळत नाहीच, ज्या अ‍ॅपवर आपण बोटे फिरवली त्यालाही कळत नाही. कॉर्पोरेशनचे यंत्र आपल्या बँकेला सांगते, याच्या नावे टाका. नावे पडल्याचे कळताच दुकानदाराच्या बँकेला सांगते, याच्या जमा करा. मग दोन्हीकडे निरोप जातो आणि डबा बोलतो.

आपल्या बँकेकडून दुकानदाराच्या बँकेकडे मात्र त्या क्षणी काहीच गेलेले नसते. समजा दिवसाच्या एका फेरीत अ बँकेच्या ग्राहकांनी ब बँकेच्या ग्राहकांना दहा लाख दिले आणि उलट बाजूने नऊ लाख चाळीस हजार आले. फेरीअखेर हिशेब होतो आणि रिझर्व्ह बँकेतल्या दोघींच्या खात्यांत फक्त साठ हजारांची हालचाल होते. अशा अनेक फेऱ्या दिवसभर चालतात. नागपूर-पुण्याच्या पेढ्या जे वर्षात करीत, तेच. रुपया जागेवर, निरोप वाटेवर, आणि निरोपामागे पत.

मग हुंडणावळ कोण देते? कार्डावर दुकानदार देतो. ऑनलाइन दुकानात मध्यस्थाचे कमिशन साधारण दोन टक्क्यांच्या आसपास असते आणि ते वस्तूच्या किमतीत मिसळून अखेर आपल्यापर्यंत येते. बँक खात्यातून केलेल्या यूपीआयवर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराकडून शुल्क घेण्यास सरकारने मनाई केली. पण यंत्रे, माणसे आणि तक्रारींचा निपटारा यांचा खर्च तर होतोच. तो काही बँका सोसतात, आणि काही सरकार देते. २०२४-२५ साठी लहान दुकानदारांच्या दोन हजारांपर्यंतच्या व्यवहारांपोटी सुमारे पंधराशे कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली. म्हणजे हुंडणावळ संपली असे नाही. ती करदात्याच्या खतावणीत गेली आहे. शेकडा पाच देऊन मनीऑर्डर करणाऱ्यांचे आपण वंशज. कोणतीही पेढी फुकट चालत नाही हे आपल्याला कोणी सांगायला नको.

नुकसान कोणाचे?

आता मूळ प्रश्न. यूपीआय ही जोखमी हुंडी आहे की दर्शनी?

ती दर्शनी आहे, आणि कडक दर्शनी आहे. पिन दिला की पैसे गेले. वस्तू आली की नाही, माणूस खरा होता की लबाड, हे ती पाहत नाही. मोठ्या ऑनलाइन बाजारात त्यांच्याच मार्गाने दिलेले पैसे हे बरेचसे जोखमी हुंडीसारखे असतात, कारण पैसे धरून ठेवणारा, तक्रार ऐकणारा आणि परत देणारा कोणी मध्ये असतो. पण अनोळखी विक्रेत्याने ‘थेट या क्रमांकावर टाका, स्वस्तात देतो’ म्हटले आणि आपण टाकले, तर मधला माणूस आपणच बाजूला सारला. फोन तोच, पिन तोच, पडदाही सारखाच. हुंडी मात्र बदललेली असते. आपल्या घरांतली वडीलधारी माणसे फसतात ती बहुधा येथे. आयुष्यभर पोस्टमनची सवय असते. मध्ये कोणी जबाबदार आहे, असे त्यांना मनोमन वाटत असते. तो तेथे उरलेला नसतो.

यंत्र बिघडले तर नियम ग्राहकाच्या बाजूने आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, एका माणसाने दुसऱ्याला यूपीआयने पाठवलेले पैसे खात्यातून गेले पण पोचले नाहीत, तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराच्या व्यवहारात ही मुदत पाच दिवसांची. त्यापुढे दर दिवसाला शंभर रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने न मागता. आपल्या नकळत, आपला किंवा बँकेचा दोष नसताना, खात्यातून कोणी पैसे काढले, तर ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने तीन कामकाजी दिवसांत कळवणाऱ्याला तोशीस लागू दिली नाही. चार ते सात दिवसांत कळवले तर त्याची जबाबदारी मर्यादित ठेवली. बँकेने ऐकले नाही तर लोकपाल आहे. फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे, आणि तेथे तासाभरात केलेला फोन दुसऱ्या दिवशीच्या फोनपेक्षा अधिक उपयोगी पडतो, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी अडवता येतात.

पण स्वतः पिन देऊन पाठवलेले पैसे या संरक्षणात सहसा बसत नाहीत. तेथे माणसाची फसवणूक झालेली असते, यंत्राची चूक झालेली नसते. म्हणून एक गोष्ट घरोघर पाठ असावी : पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. ‘तुम्हाला रक्कम मिळेल, पिन टाका’ असे म्हणून उलट मागणी पाठवण्याची लबाडी इतकी वाढली, की १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवर अशी मागणी पाठवण्याची सोयच बंद करण्यात आली.

दुकानदाराची बाजूही सांगितली पाहिजे. गर्दीच्या वेळी गिऱ्हाईक पैसे पाठवल्याचे चित्र दाखवून निघून जाते आणि खात्यात काहीच नसते. बोलणारा डबा त्यासाठी. दुकानाबाहेरच्या छापावर कोणी रातोरात दुसरा छाप चिकटवतो आणि दिवसभराची विक्री परक्याच्या खात्यात जाते. आणि सर्वांत अवघड प्रकार असा : कोणा ठकाने लुबाडलेल्या पैशांतून दुकानात सामान घेतले, पुढे तपासात त्या पैशांचा माग निघाला, आणि काही ठाऊक नसलेल्या दुकानदाराचे खाते गोठले. शाहाजोग हुंडीत चोरीचे पैसे परत करण्याची जबाबदारी शहाची होती, हे खरे. पण तो शहा ती जबाबदारी जाणून, मोबदला घेऊन पत्करत असे. किराणा दुकानदाराने ती पत्करलेली नाही; ती त्याच्यावर येऊन पडली आहे. या प्रश्नाचे न्याय्य उत्तर अजून द्यायचे आहे.

मधला वेळ

समारोपाकडे येतो. हुंडी पोचायला दिवस लागत, मनीऑर्डरलाही लागत. त्या दिवसांत चूक उघडकीला येऊ शकत असे. मुनीम निमपट ताडून पाही, पोस्टमन दारात उभा राहून तोंड ओळखी. उशीर हा त्या पद्धतींचा दोष होता आणि तोच त्यांचा पहारेकरीही होता. यूपीआयने उशीर काढून टाकला, आणि पहारेकरी त्याच्याबरोबर गेला. नियमकर्ते आता तो दुसऱ्या वाटेने परत आणीत आहेत. ३० जून २०२५ पर्यंत सर्व अ‍ॅपना सांगण्यात आले, की पैसे पाठवण्यापूर्वी घेणाऱ्याचे बँकेत नोंदलेले नाव दाखवावे; कोणी स्वतःच्या फोनमध्ये लिहून ठेवलेले टोपणनाव चालणार नाही.

ते नाव म्हणजे आजची निमपट आहे. जुना मुनीम शंभर रुपये देण्यापूर्वी ‘निमे पन्नास, त्याची दुप्पट’ वाचून घेई. त्याला लागत असे तेवढाच वेळ आपण पडद्यावरचे नाव आणि आकडा वाचायला द्यावा, आणि मनाशी एक प्रश्न विचारावा : ही हुंडी दर्शनी की जोखमी? मध्ये कोणी आहे, की मी एकटाच आहे?

नरसी मेहत्याची हुंडी पटली, कारण लिहिणाऱ्याची भक्ती खरी होती आणि पटवणारा साक्षात जगन्नाथ होता. आपल्या हुंड्या माणसांवर आणि यंत्रांवर लिहिलेल्या असतात. त्या वाचूनच सकाराव्यात.